गाव एका रात्रीत ओस पडतं का?

प्रश्न : सुट्टीत एक थरारक कादंबरी वाचली. कॅमिला स्टेन या स्वीडिश लेखिकेची, 'द लॉस्ट व्हिलेज'. खाणकामगारांचं एक आडबाजूचं गाव, १९५९ साल, आणि गावातली सगळी माणसं एकाएकी नाहीशी. कित्येक वर्षांनी काही तरुण तिथे चित्रीकरणाला जातात, तर घरं तशीच उभी. पुस्तक मिटलं तरी ते गाव डोक्यातून जाईना. असं खरंच घडू शकतं का? आपल्याकडे अशी गावं आहेत का? राजस्थानातलं कुलधरा शापाने एका रात्रीत रिकामं झालं म्हणतात, ते खरं का? आमच्या इमारतीत मालवणकडच्या एक आजी आहेत. त्यांना गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "ह्यात काय मोठासा? आमचो गाव तीन-चार वर्सांनी पळताच." त्या थट्टा करत होत्या का? आणि जाता जाता, भाईंदरहून नायगावला जाताना गाडीतून खाडीत झाडीचं एक बेट दिसतं. तेही ओस पडलेलं गाव आहे का?
— एक वाचक, भाईंदर पूर्व

उत्तर : आजी थट्टा करत नव्हत्या. पण त्यांच्या गावाकडे जाण्याआधी कादंबरीतलं कोडं जरा सोडवून घेऊ.

अख्खं गाव नाहीसं झालं आणि कारण कळलं नाही, या एका वाक्यात तीन गाठी आहेत. पहिली, सगळेच्या सगळे गेले. दुसरी, एकदम गेले. तिसरी, का आणि कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. कादंबरीला या तिन्ही गाठी लागतात, त्याशिवाय अंगावर काटा येत नाही. प्रत्यक्षात यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्याची उदाहरणं आहेत. तिन्ही एकाच गावात आल्याचं भरवशाचं उदाहरण मात्र मला माहीत नाही.

असं का, ते पाहा. गाव कधी एकटं नसतं. त्याच्या लेकी दहा गावांत दिलेल्या असतात, दहा गावांच्या सुना त्याच्या घरांत असतात. बाजार दुसरीकडे भरतो, कोणाकडून कर्ज घेतलेलं असतं, कोणाला बैल विकलेला असतो, सरकारला सारा द्यायचा असतो. शंभर घरं एका रात्रीत उठून निघाली तर माहेरची वाट धरलेल्या एखाद्या लेकीला दुसऱ्या दिवशीच ते कळतं. सारा गोळा करणाऱ्याला तर त्याहून आधी कळतं. आणि गेलेली माणसं कुठेतरी पोचतात. तिथे त्यांना नवे शेजारी मिळतात, ते विचारतात, कुठून आलात, का आलात. म्हणजे गाव जितकं एकदम रिकामं होतं तितके त्याचे साक्षीदार जास्त असतात. विसर पडतो तो हळूहळू रिकाम्या होणाऱ्या गावांचा, कारण तिथे शेवटचा दिवस असा नसतोच.

सगळे गेले, एकदम गेले, पण सारं ठाऊक

तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं असं ठिकाण खाडीपलीकडेच आहे: वसईचा किल्ला. आज आपण त्याला किल्ला म्हणतो, पण तटाच्या आत पोर्तुगिजांचं नांदतं शहर होतं. चर्च, मठ, मोठाली घरं, रस्ते, सगळं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा घातला. तुमच्या बाजूचा धारावीचा किल्लाही मराठ्यांच्या हाती आला, त्यामुळे वसईची समुद्राकडून होणारी रसद अवघड झाली. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला आणि पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. तहानुसार शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू देण्यात आलं, रहिवाशांनाही सामानसुमान हलवायला आठवडाभराची मुदत मिळाली. जहाजं भरली आणि शहर रिकामं झालं.

आज तिथे वेलींनी वेढलेल्या, छत नसलेल्या चर्चमध्ये उभं राहिलं की इथली माणसं कुठे गेली असतील, असा प्रश्न पडतोच. पण त्याचं उत्तर तारीखवार लिहिलेलं आहे. आणि पहिली गाठही इथे पुरती बसत नाही. गेले ते प्रामुख्याने गोरे अंमलदार, सरदार आणि त्यांची कुटुंबं. किल्ल्याबाहेरच्या गावांतले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी जागचे हलले नाहीत. त्यांचे वंशज आजही वसईच्या वाड्यांत राहतात.

एकदम रिकामं होण्याचा दुसरा प्रकार आपत्तीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि पन्नासहून अधिक गावं पुढे नव्या जागी वसवली गेली. जुन्या किल्लारीच्या जागी कपाटातली लुगडी, भिंतीवरचं घड्याळ हे सगळं ढिगाऱ्यात खरोखर तसंच राहिलं असेल. थरारक कादंबऱ्या ज्या खुणा वापरतात त्या अशाच ठिकाणच्या असतात. पण त्या जागी कोडं कुठलंच नाही. ज्यांचं कुटुंब तिथे गेलं ती माणसं आजही आहेत, आणि त्यांच्या दुःखावर गूढतेचा मुलामा चढवणं मला बरं वाटत नाही.

आता आजींचं गाव

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी आणि देवगड तालुक्यातल्या मुणगे अशा काही गावांत गावपळण होते, म्हणजे अख्खा गाव ठरवून काही दिवस वेशीबाहेर जातो. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळे गावात ती दरवर्षी होते. मालवणकडच्या गावांत काही वर्षांच्या अंतराने. आजी बहुधा यांपैकीच एखाद्या गावच्या असतील.

आचऱ्याचं उदाहरण घ्या. ग्रामदैवत रामेश्वर. भाताची कापणी उरकली, थंडी पडली की गावचे बारा-पाच मानकरी देवाला कौल लावतात. कौल मिळाला की दिवस ठरतो. त्या दिवशी गावातली प्रत्येक व्यक्ती वेशीबाहेर जाते. म्हातारे, बाळंतिणी, आजारी, सगळे. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीमांजरंही. हिंदूंच्या बरोबरीने गावातली मुसलमान कुटुंबंही निघतात, कारण हा गावचा रिवाज आहे. बाजारपेठ बंद, दारं बंद. तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणसाची चाहूल नसते.

मंडळी फार लांब जात नाहीत. हद्दीपलीकडच्या माळावर, ओहोळाच्या काठाला, शेजारच्या गावच्या सड्यावर आधीच राहुट्या उभारलेल्या असतात. चार बांबू, वर झावळ्या, बाजूला गवताचा किंवा ताडपत्रीचा आडोसा. तीन दगडांची चूल मांडतात. पेजेचं मोठं टोप चढतं, जवळच खाडी असली तर मासळी येते. संध्याकाळी भजन, बायकांच्या फुगड्या, पोरांचा गलका. एरवी ज्यांची घरं एकमेकांपासून पाव मैलावर आहेत ती कुटुंबं इथे हाताच्या अंतरावर झोपतात. मुंबई-ठाण्यातले चाकरमानी रजा काढून यासाठी जातात. तुमच्या भाईंदरमधूनही जात असतील. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवाने हुकूम दिला तर गाव भरतो. नाही दिला तर आणखी मुक्काम.

तुम्हाला हवं असलेलं रिकामं गाव ते हेच. सगळे गेलेले, एकदम गेलेले. एखादा वाटसरू या तीन दिवसांत चुकून आत शिरला तर त्याला बंद दारं, ओस अंगणं, कोंबडंही आरवत नाही असा गाव दिसेल आणि तो जन्मभर ती गोष्ट सांगत राहील. फरक इतकाच की त्याला आणखी दोन मैल चालायचं सुचलं असतं तर सगळी माणसं जेवायला बसलेली भेटली असती.

हे का करतात, याची दोन उत्तरं कानावर येतात. गावात सांगतात ते उत्तर श्रद्धेचं: त्या तीन दिवसांत गाव देवाचा आणि त्याच्या गणांचा, माणसांनी तिथे थांबायचं नाही. शहरात सांगतात ते उत्तर रोगराईचं: पूर्वी साथी यायच्या म्हणून गाव रिकामं करून शुद्ध करण्याची ही शास्त्रीय रीत. दुसरं उत्तर ऐकायला सुटसुटीत असलं तरी तो नंतर लावलेला अर्थ आहे, सिद्ध झालेला इतिहास नाही. एवढं मात्र खरं की साथीत गाव सोडणं हा आपल्याकडचा जुना आणि उपयोगी उपाय होता. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला, आणि पुढच्या सहा महिन्यांच्या आत साडेआठ लाखांच्या शहरातून चार लाखांच्या आसपास माणसं निघून गेली. नंतर प्लेग खेड्यांत पसरला तेव्हा घरात उंदीर पडला की लोक शेतात झोपड्या घालून राहायला जात. उंदरांवरच्या पिसवा माणसांना चावतात हे शास्त्रज्ञांनी पटवून देण्याआधीच घर सोडलं की माणूस वाचतो हे लोकांनी पाहिलं होतं. म्हणजे रिकामी गावं आपल्या पणजोबांच्या पिढीला नवी नव्हती. ती घाबरवणारी होती, पण गूढ नव्हती.

गावपळणीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. तीन दिवस सगळा गाव एका माळावर, एका पातळीवर येतो. मोठं घर, लहान घर हा भेद वेशीच्या आत राहतो. श्रद्धा असो नसो, वर्षानुवर्षं बंद पडलेली भाऊबंदांतली बोलणी अशा मुक्कामात पुन्हा सुरू होतात, हे तिथली माणसं आपणहून सांगतात.

ताटात वाढलेलं जेवण

अशा कादंबऱ्यांत हमखास येणारी एक खूण म्हणजे टेबलावरचं अर्धवट जेवण, चुलीवरची उकळती किटली. तिचा उगम गावात नाही, समुद्रात आहे. डिसेंबर १८७२ मध्ये अटलांटिकमध्ये 'मेरी सेलेस्ट' नावाचं जहाज एकही माणूस नसताना तरंगत सापडलं. दहा जण बेपत्ता. प्रत्यक्षात जहाजावरची होडी गायब होती आणि दिशा-वेळ पाहण्याची उपकरणंही. म्हणजे माणसं कुठल्यातरी भीतीने होडीत उतरली होती हे उघड होतं. पण १८८४ मध्ये आर्थर कॉनन डॉयल या तेव्हा अप्रसिद्ध तरुणाने त्यावर एक कथा लिहिली आणि तीत होड्या जागच्या जागी ठेवल्या. शेरलॉक होम्स जन्माला यायला अजून तीन वर्षं होती. पुढे सांगोवांगी त्यात वाफाळता चहा आला, न्याहारी आली. लोकांच्या लक्षात राहिली ती ही सजवलेली गोष्ट, चौकशीतली कागदपत्रं नव्हे.

गावाच्या बाबतीतही असंच झालं. कॅनडाच्या उत्तरेला अंजिकुनी सरोवराकाठची इन्यूइट लोकांची वस्ती रातोरात नाहीशी झाली, ही गोष्ट आजही छापली जाते. तिचं मूळ नोव्हेंबर १९३० मधल्या एका वर्तमानपत्री बातमीत आहे. तीत वस्ती होती अवघी सहा तंबूंची, माणसं पंचवीसेक. तिथल्या पोलिसांनी चौकशी केली आणि बातमीला आधार नाही असं सांगितलं. सोबत छापलेलं छायाचित्रही जुनं निघालं. तरी पुढच्या पुस्तकांत माणसांचा आकडा फुगत गेला. तिन्ही गाठी एकत्र असलेली गोष्ट ऐकली की ती पहिल्यांदा कोणी, कधी लिहिली हे शोधावं. बहुतेक वेळा घटना आणि लिखाण यांच्यामध्ये तिखटमीठ लावणारा कोणीतरी सापडतो.

कुलधराचं काय?

जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर कुलधरा आहे. पालीवाल ब्राह्मणांचं गाव, आखीव गल्ल्या, दगडी घरांच्या उभ्या भिंती. गोष्ट अशी: जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर गावातल्या एका मुलीवर पडली, तेव्हा पालीवालांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली आणि जाताना इथे पुन्हा कोणी वसू नये असा शाप देऊन गेली.

यातला सालिमसिंह खरा, त्याच्या जुलमी करवसुलीच्या नोंदीही खऱ्या. पालीवाल गेले हेही खरं. एका रात्रीत, हे मात्र जमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वस्ती घटत गेली, आणि शतक संपत आलं तरी तिथे थोडी माणसं राहत असल्याच्या नोंदी सापडतात. कारणं एकात एक गुंतलेली. वाळवंटात पावसाचं पाणी अडवून शेती करण्यात पालीवालांचा हातखंडा होता, पण विहिरी आटत गेल्या. त्यात कर वाढला, व्यापाराच्या वाटा बदलल्या. काही भूशास्त्रज्ञांनी पडलेल्या भिंतींवरून भूकंपाचाही विचार मांडला आहे. या सगळ्यापेक्षा एक मुलगी, एक दुष्ट दिवाण आणि एक रात्र सांगायला सोपी. शिवाय या गोष्टीत गाव हरत नाही, मान राखून निघून जातं. गेलेल्यांच्या नातवंडांना तीच आवडली असेल तर नवल नाही.

मराठी मुलखाला हे चित्र अनोळखी नाही. रयत परागंदा झाली, असं आपल्या जुन्या कागदांत वारंवार येतं. लष्कराची धाड आली, दुष्काळ पडला किंवा सारा डोईजड झाला की कुणबी बैल-बारदाना घेऊन दुसऱ्याच्या मुलखात जात. हे नुसतं पळणं नव्हतं, दबाव आणण्याचं हत्यारही होतं. जमिनीला तोटा नव्हता, कसणाऱ्या हातांना होता. म्हणून राज्यकर्ते गाव पुन्हा वसवायला कौल, म्हणजे सवलतीचं वचन, देत: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दर वर्षी थोडा चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण. याला इस्तावा म्हणत. खुद्द पुण्याची कथा हीच. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त केलं, गाढवांचा नांगर फिरवला. त्यातच भीषण दुष्काळ. मग जिजाबाई आणि बालशिवाजी तिथे आले आणि वस्ती पुन्हा धरली. त्यांनी फिरवलेल्या सोन्याच्या नांगराची आठवण तेवढी आपण ठेवली. त्याआधी पुणं ओस होतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

१८०२-०४ मध्ये होळकरांची स्वारी आणि पाठोपाठ दुष्काळ यांमुळे पुणे-नगर पट्ट्यातली कितीतरी गावं अशीच रिकामी झाली. काही परत भरली, काही नाही. २०११ च्या जनगणनेच्या यादीतही महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त गावं अशी आहेत की ज्यांना नाव आहे, हद्द आहे, पण रहिवासी नाही. त्यांतली पुष्कळ धरणाखाली गेलेली किंवा शेजारच्या गावात मिसळलेली आहेत.

खरं कोडं घोड नदीकाठी

तुम्हाला हवी असलेली हुरहूर ज्यात आहे असं गाव पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात आहे: इनामगाव. इथे पहिली आणि तिसरी गाठ आहे, दुसरी नाही.

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. मातीखाली सापडलं ते इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. लोखंड यायच्या आधीचं; तांबं आणि दगडाची हत्यारं, लाल भांड्यांवर काळी नक्षी. सातू मुख्य पीक. मधल्या काळात गाव भरभराटीला आलं: मोठी चौकोनी घरं, धान्याची कोठारं, नदीचं पाणी वळवण्यासाठी खणलेला चर. नऊशे वर्षं माणसं त्या एकाच जागी राहिली. आणि मग गेली.

लिपी नाही, म्हणून कोणी सांगून ठेवलेलं नाही. पण जमिनी सांगतात. घराची जमीन थरावर थर सारवलेली असते. एकेक थर खरवडत गेलं की कोणत्या पिढीने काय ठेवलं, काय टाकलं ते दिसतं. आपण भाडेकरारावरची खोली बदलतो तेव्हा भांडीकुंडी, कपडे, पैसा घेऊन जातो आणि फुटका माठ, वाकलेली खाट मागे टाकतो. गाव सोडतानाही तसंच होतं. जमिनीवर धडकी, मोलाची वस्तू सापडली तर माणसं घाईत गेली. फुटकं, जड, निरुपयोगी तेवढंच उरलं तर ठरवून, सवडीने गेली. इनामगावात घाईच्या खुणा नाहीत, ओढगस्तीच्या आहेत. इसवी सनापूर्वी १००० नंतर मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती आक्रसते, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भिस्त वाढते. लहान मुलांच्या हाडांवर वाढ खुंटल्याच्या खुणा आहेत. पाऊसमान घटलं हे त्याचं ठळकपणे मांडलं गेलेलं कारण. ते कितपत पुरेसं आहे यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. तापी-गोदावरीच्या खोऱ्यांतली अशीच गावं तर त्याआधी तीनशे वर्षं ओस पडली होती.

एक गोष्ट सांगतो, ती कुठल्याही कादंबरीपेक्षा मनात घर करते. ही माणसं आपल्या मृतांना राहत्या घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. तान्ही मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्यांचे मात्र घोट्याखालचे पाय तोडून. गेलेल्याने उठून चालू लागू नये, घरीच राहावं, अशी समजूत त्यामागे असावी असा पुरातत्त्वज्ञांचा कयास आहे. ज्यांनी मेलेल्यांनाही घर सोडू दिलं नाही, त्या माणसांना शेवटी स्वतः घर सोडावं लागलं. त्यांनी काय विचार केला असेल ते कोणत्याही उत्खननात मिळणार नाही. तुमच्या कादंबरीकारांसाठी खरी जागा इथे आहे.

हळूहळू ओस पडणारी आणि ओस न पडलेली

गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी साळावली धरणात बुडालं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं नाव ज्या गावावरून आलं, तेच. १९८० च्या दशकात सहाशेच्या आसपास कुटुंबं दुसरीकडे हलवली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती, वाटा, देवळाचे अवशेष वर येतात आणि जुने रहिवासी तिथे जमून सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबं आपलं फेस्त करतात. उजाड चिखलातून चालताना हे आमचं परसू, ही आमची विहीर, असं ते मुलांना दाखवतात. फोटोत हे गाव भुताटकीचं दिसतं. पण तिथे जमलेली माणसं पाहिली की ती समजूत टिकत नाही.

कोकणात मात्र जे चाललं आहे त्यावर कोणी थरारक कादंबरी लिहीत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास पाच टक्के आणि सिंधुदुर्गाची दोन टक्के घटली. कुलूप लावलेलं घर, गणपतीत आणि शिमग्याला दहा-बारा दिवस उघडणारं. अशा घरात ताटं मांडणीवर नीट उपडी असतात, देवघराला पडदा असतो, किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. ती माणसं कुठे गेली हे शोधायला तुम्हाला लांब जायला नको. भाईंदर पूर्वेच्या नवघर, खारी, गोडदेव परिसरातल्या इमारतींच्या पाट्या वाचा, त्यांवर कोकणातली आडनावं भेटतील.

राहिलं खाडीतलं बेट. ते पाणजू. ओस तर नाहीच, नांदतं गाव आहे. भाईंदर-नायगावच्या मधले दोन रेल्वेपूल याच बेटावर टेकतात, पण तिथे स्टेशन नाही. लोक नायगावला होडीने जा-ये करतात, कधी पुलाच्या कडेने चालतात. गाडीतून फक्त झाडी आणि पाणी दिसतं, म्हणून प्रवाशांना ते निर्मनुष्य वाटतं. याचा त्रास पाणजूकरांना खरोखर होतो: चालत्या गाडीतून खाडीत भिरकावलेले नारळ आणि निर्माल्याच्या पिशव्या पुलावरून चालणाऱ्यांना लागून दुखापती झाल्या आहेत. तुमच्या डब्यात कोणी पिशवी सरसावली तर खाली माणसं राहतात एवढं त्यांना सांगा.

रुळांच्या आसपासच्या मिठागरांतली खोपटं पावसाळ्यात रिकामी दिसतात, तीही सोडून दिलेली नसतात. मीठ उन्हात पिकतं. पाऊस लागला की काम थांबतं, मजूर गावी जातात, हंगामाला परत येतात.

तुम्हाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर वसईचा किल्ला एका सुट्टीत होतो. इनामगावला जागेवर पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही; तिथल्या वस्तू पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. कुर्डीला जायचं तर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत. आणि गावपळणीला जायचं असेल तर आजींनाच विचारा, पुढचा कौल कधी आहे. त्यांच्या राहुटीत तुम्हाला जागा मिळेल. गावात शिरायचं मात्र नाही.